पानाला चिकटलेला खवला

सुमंगलानं पिशवीतलं पुस्तक दोन बोटांच्या चिमटीत धरून बाहेर काढलं आणि ओसरीवरच्या टेबलावर जुनं वर्तमानपत्र अंथरून त्यावर ठेवलं.

"शी!" ती एकटीच म्हणाली. "शी, शी, शी!"

पणजीच्या प्रदर्शनातून आणलं तेव्हा हेच पुस्तक कोरं करकरीत होतं. धारगळच्या त्यांच्या वाचनकट्ट्याची रीत अशी, की एकच प्रत घ्यायची, ती हातोहात फिरवायची आणि शेवटी सगळ्यांनी एकत्र बसून मतं सांगायची. आधी सुमंगला, कारण पुस्तक निवडणारी तीच. मग कॉलेजात जाणारी ऋतिका, मग हायस्कुलातल्या शालिनीबाई, आणि सगळ्यांच्या शेवटी जयरामबाब. अठ्ठ्याहत्तरीचा म्हातारा. शेवटी त्यांना, कारण त्यांच्या हातून आलेलं पुस्तक पुढं कुणी घ्यायला तयार नसे.

आणि का घ्यावं? पान उलटायचं म्हणजे हा माणूस अंगठा जिभेवर फिरवणार, आणि जिभेवर सदा तंबाखू. पहिल्या पानापासून एकूण एक कोपरा तपकिरी आणि फुगलेला. मध्येच कुठंतरी माशांच्या हुमणाचा पिवळा ओघळ. शेवटच्या प्रकरणात तर कहरच केला होता. पानं वरच्या कडेला कुरतडल्यासारखी झालेली, आणि एका पानाला पेडवा माशाचा खवला चिकटून वाळलेला! वास घेऊन बघायची गरज नव्हती, तो आपणहून नाकात शिरला. न्हाणीत जाऊन तिनं साबण लावून हात धुतले, मग परत एकदा धुतले.

आज सांगून टाकायचं. वाक्य तिनं मनाशी घोळवून ठेवलं होतं: 'जयरामबाब, यापुढं तुम्ही नुसते ऐकायला या, पुस्तक नको.' बायको गेल्यापासून हा म्हातारा रांधतो, जेवतो आणि वाचतो, याखेरीज त्याला काही उरलेलं नाही, हे तिला चांगलं ठाऊक होतं. पण म्हणून काय आपण ही घाण सोसायची? शालिनीबाईंनी तर फोनवर बजावलंच होतं, "अजिबात भीड धरू नकोस."

संध्याकाळी तिघंही आली. जयरामबाब इस्त्रीचा सदरा घालून, येताना पोदेराच्या भट्टीतले गरम उंडे पाव घेऊन. सुमंगलानं ती पुडी न सोडताच कोपऱ्यात सारली आणि चहा ओतला.

ऋतिकानं सुरुवात केली. "मला शेवट एकदम स्ट्राँग वाटला. ती ज्या पद्धतीनं घर सोडून जाते ना, ते आजच्या मुलींना फार जवळचं वाटेल."

"अगदी!" शालिनीबाई म्हणाल्या. "मी तर शेवट दोनदा वाचला. उंबरठा ओलांडतानाचं ते वर्णन! डोळ्यांत पाणी आलं हो."

सुमंगलानं मान डोलावली. "तुमचं काय, जयरामबाब?" त्यांचं एकदा आटोपलं, की ते वाक्य बोलायचं.

जयरामबाब एकदा ऋतिकाकडे, एकदा शालिनीबाईंकडे बघत राहिले.

"माका शेवट आवडूक नाय," ते म्हणाले. "रागच इलो तिचो. शेताच्या बांदापर्यंत जाता, आणि परत येवन चूल पेटयता. इतक्या सोसून परत त्याच घरात! पण तुम्ही म्हणतास ती गेली..." त्यांनी अंगठा जिभेवर फिरवला आणि पुस्तक जवळ ओढून शेवटची पानं चाळली. "मगे माजीच कायतरी चूक झाली. ही शेवटची पानां वरसून जोडलेलीच होती, बाय. छापखान्यात कापूक इसारले. दुसरी सुरी घरात गावाक नाय, म्हणान मासळेचीच पुसून घेतलंय आणि एकेक पान मोकळां केलंय. त्यात एकादां पान फाटून पडलां काय?"

हमरस्त्यावरून ट्रक गेला. ऋतिकानं मोबाइल उघडला. शालिनीबाईंनी रिकामा कप परत तोंडाला लावला.

सुमंगलानं दोघींकडे रोखून बघितलं. ढोंगी मेल्या! दोनदा वाचला म्हणे, डोळ्यांत पाणी म्हणे! पानं उघडलेलीसुद्धा नव्हती, आणि त्यांच्यावर ही एवढी पोपटपंची! यापेक्षा तंबाखूचे डाग परवडले. दोघींना आता चांगलं फैलावर घ्यायचं म्हणून तिनं तोंड उघडलं, तोच जयरामबाबांनी पुस्तक तिच्याकडे वळवलं.

"तूच सांग गो, बाय. सगळ्यांच्या आदी तूच वाचलंस. ती जाता काय रवता?"

पुस्तक सुमंगलानं निम्म्यावर ठेवून दिलं होतं. पुढचं तिनंही मलपृष्ठावरच वाचलं होतं, 'उंबरठा ओलांडणारी नायिका' वगैरे, आणि शेवटची पानं जोडलेली आहेत हे तिला आत्ता कळत होतं. म्हातारा तिच्या तोंडाकडे बघत होता, शाळेतलं पोर गणित तपासून घेताना बघतं तसा.

"राहते," ती म्हणाली.

"देव बरां करो!" जयरामबाबांचा चेहरा उजळला. "म्हणजे पान फाटूक नाय. माज्या जिवाक केवडो घोर लागलो होतो." मग जरा संकोचून त्यांनी विचारलं, "फुडचां पुस्तक कदी गावतलां?"

"आजच न्या," सुमंगला म्हणाली. "आणि यापुढं सगळ्यांच्या आधी तुम्हीच वाचा."

पुस्तक आणायला म्हणून ती आत गेली. पण कपाटाकडे न जाता आधी न्हाणीत शिरली, साबण लावून हात खसाखसा धुतले, मग परत एकदा धुतले. या खेपेला तिनं त्या पुस्तकाला बोटही लावलं नव्हतं.