गादीवाल्याच्या घरातला पंप

गादीवाल्याच्या घरात दमा, याची सासूबाईंना भारी लाज. पुढच्या खोलीत दुकान, मागच्या खोलीत संसार आणि दोन्हीकडे कापूस. नातीला, बारकीला, धाप लागली की त्यांना धास्ती गिऱ्हाईक काय म्हणेल याची. पोर गुदमरली तरी चालेल, अब्रू राहिली पाहिजे! गिऱ्हाईक दिसलं की त्या आधी तिचा दम्याच्या औषधाचा पंप दडवायच्या. सून सांगून थकली, "आई, तो हाताशी असू द्या." ऐकतंय कोण!

त्या दुपारी लॉजची मालकीणबाई वीस गाद्या सांगायला आली. सासूबाईंनी पंप त्याच्या श्वास ओढायच्या नळीसकट हाती आलेल्या उशीच्या खोळीत कोंबला. त्यांच्या लेकाने बोलता बोलता त्यातच कापूस भरला, टाके घातले नि उशी ढिगावर फेकली.

तेवढ्यात मागच्या खोलीतून शीळ आली. बारकीच्या छातीतली. सून धावली. पोरीच्या गळ्याखालचा खळगा आत ओढला जात होता.

"आई, पंप कुठंय?"

"अगं... त्या उशांत."

"कुठल्या उशीत?"

"आता मी काय सांगू!"

तिने बारकीला उचलून बाहेर पायरीवर ताठ बसवलं. "धरा हिला," नवऱ्याला म्हणाली आणि कात्री घेऊन ढिगावर तुटून पडली. एक उशी, दुसरी, तिसरी. टराटरा.

"अगं, माल आहे तो!" नवरा ओरडला.

"आणि तुमच्या मांडीवर काय भंगार आहे?"

पंप सापडला. नळीतला कापूस झटकला, पंप हलवला, एक दाब, सावकाश श्वास, पुन्हा दाब. हळूहळू पोरीचे खांदे खाली आले.

मालकीणबाईने नाकाला रुमाल लावला होता. "घरात आजार आहे, सांगायचं नाही का?"

"दमा आहे," सून म्हणाली. "तो कुणाला चिकटत नाही. गाद्या नको असतील तर वाट मोकळी आहे."

बाई तरातरा निघून गेली. सासूबाईंनी कपाळाला हात लावला. "घालवलंस गिऱ्हाईक!"

"घालवलं. आता हेही घालवते." तिने कापसाचा गठ्ठा फरफटत अंगणात नेला. "यापुढे कापूस घरात भरायचा नाही. आणि पंप दुकानाच्या दारात खिळ्याला टांगणार. बघू दे जगाला."

"पाऊस आला म्हणजे?" नवरा कुरकुरला.

"भिजेल. कापूस भिजला तर वाळवता येतो." तिने दुसऱ्या गठ्ठ्याला हात घातला. "बघताय काय? धरा ते टोक."