पामच्या टरफलांची भट्टी

मी एक जुनी भट्टी आहे, मित्रांनो, आणि जरा चिडकीही. सिंगापूरला बुओना व्हिस्टा भागातल्या एका प्रयोगशाळेत माझा मुक्काम. नवी होते तेव्हा माझ्यापुढे रांग लागायची. मग शेजारी दुसरी भट्टी आली आणि लोक माझ्या डोक्यावर छत्र्या वाळत टाकू लागले!

निहारिका पुण्याहून संशोधनाला आली आणि तिने मला पुन्हा पेटवलं. पामतेलाच्या गिरण्या बियांची टरफलं टाकून देतात. हवा न लागू देता ती माझ्यात भाजली की त्यांचा कोळसा होतो, आणि तोच कोळसा गिरणीचं तपकिरी सांडपाणी स्वच्छ करतो. शुक्रवारच्या चाचणीत पाणी निवळलं तर तिचा इथे राहायचा पास वर्षभर वाढणार होता. नाही तर बॅगा भरायच्या.

पोरगी भारी उतावळी. घरी चमच्याने कुकरची शिट्टी उचलायची सवय. बुधवारी तिने माझंही दार निवण्याआधीच किलकिलं केलं. हवा आत शिरली आणि सगळ्याची राख झाली. टरफलं उरली ती एकाच घाण्यापुरती.

गुरुवारी तिने तो घाणा लावला. भाजून झालं, पण निवायला सकाळ उजाडणार होती, आणि तिचा हात सारखा माझ्या कडीकडे.

"हात मागे घे!" तिचा सहकारी हरीश ओरडला. "आज खंडेनवमी ना? हिला हळदकुंकू लाव. पुजलेल्या हत्याराला उद्यापर्यंत हात लावायचा नसतो."

"अरे, पण आत राख झाली असेल तर?"

"उघडून बघितलंस तर नक्की होईल."

तिने पर्समधली पुडी काढली, मला बोट टेकवलं आणि हात मांडीखाली दाबून बसली.

इकडे माझा जीव टांगणीला! माझ्या दाराची, हवा अडवणारी पट्टी कधीच विरली होती. वर्षानुवर्षं ती कुणी पाहिलीच नव्हती. पोरीने एवढा धीर धरला आणि हवा माझ्याच फटीतून शिरली तर? नुसत्या धास्तीने मी अर्धी झाले.

सकाळी दार उघडलं. दाराजवळ मूठभर राख! निहारिकाचा चेहराच उतरला. पण आत खोलवर हात घातला तर काळाकुळकुळीत कोळसा, चाचणीला पुरेल इतका. दुपारी पाणी निवळलं, तसं तिला रडूच कोसळलं.

मग येऊन तिने माझ्या पट्टीवरून बोट फिरवलं. पट्टी हातातच तुटून आली.

"अगं बाई, तुझी ही दशा होती होय!"

मित्रांनो, आमची पूजा जरूर करा. पण बोट टेकवण्याआधी एकदा आमचं दार तपासा. सगळाच घाणा राख झाला असता, तर मला बोलता आलं नसतं आणि दोष त्या पोरीच्या माथी गेला असता.