चटईची कड

मित्रांनो, मी एक जुनी चटई आहे. माझी एक कड विरून गेली, तरी मधला भाग कित्येक वर्षे कोराच होता. त्याचे मला फार वाईट वाटे.

आफ्रिकेतल्या मलावीच्या सरोवराकाठी वाढलेल्या बोरूंची मी. गावच्या प्रार्थनाघरात धर्मशिक्षण देणाऱ्या येरेमियांनी ते चिरले, वाळवले आणि आठवडाभर खपून मला विणले. शेजारीपाजारी त्यांच्या घरी येऊन माझ्यावर बसून प्रार्थना करत आणि जाताना माझी वीण वाखाणत. मीही थोडी फुशारत असे.

येरेमिया गेले आणि त्यांची बायको एलिफा एकटी पडली. तिने सात वर्षांच्या पोरक्या लोंजेझोला घरी आणले. मंडळीसमोर तिचा हात धरून म्हणाली, “ही माझी लेक.”

लोंजेझो फार गुणी. पाणी भरी, मका कांडी, प्रार्थनाघर झाडून लख्ख ठेवी. एलिफा माझा मध्य तिच्यासाठी मोकळा ठेवी, पण ती माझ्या कडेलाच बसे, आणि दारात आली की हाक देई, “ओडी?” आमच्याकडे पाहुणा ओडी म्हणतो आणि आतून होकार आल्याशिवाय पाऊल टाकत नाही. घरची मुले थेट चुलीपाशी जाऊन भांड्यावरचे झाकण उचलतात. एलिफा दर वेळी “ये गं” म्हणे आणि उसासा टाकी.

अशी नऊ वर्षे गेली. प्रार्थनाघरातही लोंजेझो दाराशीच बसायची. पाळकांनी तिला पुढे येऊन प्रभुभोजनाची भाकर घ्यायला अनेकदा सांगितले. ती म्हणे, “अजून थोडी सेवा करू दे. मग लायक होईन.”

“लेक व्हायला कुणी चाकरी करतं का?” एलिफा एकदा चिडलीच. “देवानं तुला पदरात घेतलंय, आणि तू त्याच्या दारात झाडू घेऊन उभी!”

लोंजेझो मान खाली घालून भांडी घासत राहिली. एलिफा आता थकली होती. आपण गेल्यावर ही पोर देवाच्या घरात जन्मभर परकीच राहील, याचाच तिला घोर लागला होता.

एका दुपारी लोंजेझो पाणी घेऊन आली. “ओडी?” एलिफा माझ्यावर बसली होती, पण बोलली नाही. पुन्हा हाक आली. एलिफाने ओठ घट्ट मिटले. तिसऱ्या हाकेचा आवाज कापरा होता. मग दाराशी घडा फुटला आणि “आई!” म्हणत लोंजेझो धावत आत आली. येऊन पडली ती थेट माझ्या मध्यावर, एलिफाच्या कुशीत.

एलिफाच्या डोळ्यांत पाणी होते आणि ती हसतही होती. “परकं माणूस होकाराशिवाय आत येत नाही, पोरी. तू आलीस. आता रविवारी प्रार्थनाघरातही अशीच ये.”

“मला वाटलं, तू गेलीस,” लोंजेझो हुंदके देत म्हणाली. “घडा फुटला गं.”

“फुटू दे.”

रविवारी लोंजेझो दाराशी थांबली नाही. सगळ्यांच्या देखत पुढे जाऊन तिने भाकर घेतली. परतल्यावर एलिफाने मला ते तीनदा सांगितले. त्या पोरीचे मला किती कौतुक वाटले म्हणून सांगू!

मित्रांनो, मला झाडत जा, उन्हात घालत जा. पण केवळ कड झिजवू नका. देवबापाने पूर्ण चटई अंथरली आहे, मध्यावर बसा. आता माझाही मध्य विरू लागला आहे. रोज दुपारी ओडी न म्हणता कुणीतरी आत येते, झाकण उचलते आणि विचारते, “आई, आज मासे नाहीत का?”