कपाळापाशी थांबलेलं बोट

उंब्रजजवळच्या एका गावातल्या शाळेत पद्मा मॅडम आठवीला नागरिकशास्त्र शिकवत. रोज कराडहून एसटीनं यायच्या आणि मन लावून शिकवायच्या. मानवी हक्क हा तर त्यांचा आवडता धडा. "हे हक्क आपल्याला कुणी देत नाही," त्या सांगायच्या, "ते जन्माबरोबरच येतात. म्हणून ते कुणाला काढूनही घेता येत नाहीत!" या वर्षी त्यांनी एक गृहपाठ दिला होता. मानवी हक्कांच्या जागतिक जाहीरनाम्यातली पहिली कलमं घरातल्या मोठ्यांना वाचून दाखवायची.

ओवीनं ती आईला आणि आजीला वाचून दाखवली: सगळी माणसं जन्मतः स्वतंत्र असतात, सगळ्यांची प्रतिष्ठा आणि हक्क समान असतात. तिचे वडील फौजेत हवालदार होते. तीन वर्षांपूर्वी ते सीमेवर कामी आले. दर प्रजासत्ताक दिनाला गाव त्यांच्या फोटोला हार घालायचं.

संक्रांतीनंतर शाळेत मातापालकांचा मेळावा आणि हळदीकुंकू ठरलं. "सगळ्यांच्या आयांना यायचंय," मॅडमनी वर्गात सांगितलं. ओवीची आई, संयोगिता, तयार नव्हती. पण पोरीच्या हट्टापुढं तिचं काही चाललं नाही. फिकट निळी साडी नेसून ती आली आणि तिसऱ्या रांगेत कडेला बसली.

पद्मा मॅडम करंडा घेऊन एकेकीला हळदीकुंकू लावत तिच्यापर्यंत आल्या. बोट कुंकवात बुडालं, वर उचललं गेलं, आणि शेजारून शाळा समितीच्या राहीबाई हळूच म्हणाल्या, "आवं मॅडम, म्होरं चला. त्यांना न्हाई चालत."

बोट कपाळापाशी थांबलं. एवढ्या बायकांत वाद कशाला, असं मॅडमच्या मनात आलं आणि त्या पुढं सरकल्या. पुढचीच्या कपाळाला त्यांनी कुंकू लावलं.

संयोगिता उठली. "म्हशीच्या धारेची वेळ झाली," असं स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाली आणि निघून गेली. तिळगुळाचं ताट धरून ओवी दारात उभी होती. तिनं सगळं पाहिलं होतं.

दोन दिवस ओवी शाळेत आली नाही. तिसऱ्या दिवशी मॅडम गृहपाठ तपासत असताना ती वही घेऊन उभी राहिली.

"मॅडम, परीक्षेत आलं तर मी हे सगळं बरोबर लिहीन. पण घरी वाचून दाखवलं ते खोटं होतं, असं आईला सांगू का?"

तिच्या आवाजात राग असता तर मॅडमना सोपं गेलं असतं. पोरगी खरंच विचारत होती!

शाळा सुटल्यावर पद्मा मॅडम तिच्या घरी गेल्या. ओवीची आजी, अंबूबाई, अंगणात पावट्याच्या शेंगा सोलत होती. संयोगितानं पाणी आणून दिलं.

"माझं चुकलं," मॅडम कशाबशा म्हणाल्या.

"तुमचं काय चुकलं? गावाची रीतच हाय," संयोगिता म्हणाली. "मीच यायला नको होतं."

"गप गं," अंबूबाई म्हणाली. हातातली शेंग तिनं खाली ठेवली. "बाई, माझा मालक गेला तवा मी चोवीस वर्साची. पोराच्या लग्नात त्याला हळद लावू दिली न्हाई मला. मागल्या खोलीत बसून वाजंत्री ऐकली. तवा मलाबी वाटलं, असंच असतंय. आन् माझा पोरगा गेला, तवा हिच्या बांगड्या कुणी फोडल्या? म्या! माझ्या हातानं! ही रडत हुती, आन् म्या मनगट धरून ठेवलं हुतं."

संयोगितानं पदर तोंडाला लावला.

"परवा ओवीनं वाचून दावलं. म्या इचारलं, कवाचं हाय गं हे? म्हणली, एकोणीसशे अठ्ठेचाळीसचं. म्हंजी माझ्या जन्माच्या आदीचं! आन् मला कुणीच कसं सांगितलं न्हाई? कळलं असतं, तर निदान हिचा हात तरी सोडला असता की वं!"

पद्मा मॅडमच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागलं. पर्समधली कुंकवाची डबी काढून त्या संयोगितापुढं झाल्या. तिनं त्यांचा हात हलकेच बाजूला केला.

"इथं नको, मॅडम. घरात कोण बघतंय? मला जिथं ओलांडून गेलात, तिथं लावा."

सव्वीस जानेवारीला शाळेत झेंडावंदन झालं, हवालदारांच्या फोटोला हार घातला गेला. मग पद्मा मॅडम माईकपुढं आल्या. "मी मुलांना समतेचा धडा शिकवते आणि त्या दिवशी तो मीच मोडला. फोटोला हार घालायचा आणि त्याच माणसाच्या बायकोला रांगेत वगळायचं, हा कसला मान? संयोगिताताई, मला माफ करा."

"मॅडम, रीत हाय ती!" राहीबाई उठल्या. सातआठ बायका त्यांच्याबरोबर निघून गेल्या.

मॅडम थांबल्या नाहीत. संयोगिताच्या कपाळावर त्यांनी कुंकू लावलं. मागं भिंतीशी बसलेल्या आणखी दोघी पदर सावरत पुढं आल्या.

शेवटी मॅडम सुनेबरोबर आलेल्या अंबूबाईकडं वळल्या. म्हातारीनं कपाळ हातानं झाकून घेतलं.

"मला नको, बाई. हिला लावलंत, लय झालं. माझी येळ गेली."

मॅडमनी आग्रह केला नाही. म्हातारीच्या शेजारी त्या नुसत्या बसून राहिल्या.

वाचकहो, मानवी हक्कांचा धडा परीक्षेतल्या चार गुणांसाठी नसतो. तो मुलांना वेळेवर शिकवायचा असतो, आणि शिकवणाऱ्यानं आधी स्वतः पाळायचा असतो. ज्याला आपला हक्क उशिरा कळतो, त्याचं आयुष्य त्या हक्कावाचूनच निघून जातं. आणि ते जाताना बघून आपण जे पुढं सरकतो, त्या अपराधात आपला सगळ्यांचाच वाटा असतो.