लवूकाकांना कोणती गाडी आवडते?

चारकोपच्या इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये रविवारी गाळ्यांची शटरं बंद असतात, म्हणून सकाळी तिथे गाड्यांच्या वेड्यांची जत्रा भरते. बॉनेट उघडायचं, आत डोकं घालायचं आणि चहा थंड होईस्तोवर भांडायचं, एवढाच यांचा देवधर्म. आज मात्र त्यांच्या तावडीत लवू परब सापडले होते.

कारणही तसंच होतं. मुलगा निलेश बापाला गाडी घेऊन देणार होता. बत्तीस वर्षं एका शेठच्या गाड्या चालवून रिटायर झालेल्या बापाच्या नावावर, बापाच्याच पसंतीची. दसऱ्याला दारात हवी तर आज ठरवायलाच हवं होतं. "बाबा, तुम्ही बोट ठेवाल ती," असं निलेश म्हणाला.

निलेशचा मित्र सुयोग आपल्या लाल, बुटक्या गाडीला थोपटत होता. "काका, पिकअप बघा फक्त! हायवेला लागली की झकास. अशीच एक सेकंडहँड आहे माझ्या बघण्यात."

"पिकअप काय चाटायचाय? सिग्नलला उभाच राहणार ना तू!" त्याच कंपूतली पद्मजा फिस्कारली. आजोबांची फियाट तिने जिवापाड जपली होती. "काका, स्टिअरिंगला गिअर! याला म्हणतात रुबाब. ओळखीतले एक जण विकतायत."

खंडूची आपली रोजच्या वापरातली छोटी ऑटोमॅटिक. "अ‍ॅव्हरेज देते, पार्किंगमध्ये मावते. अजून काय पाहिजे यार?" निलेशचाही कल तिच्याकडेच होता, पण निवड त्याने बापावर सोडली होती.

"काका, तुम्ही सगळ्या चालवल्यात. तुम्हीच सांगा, बेस्ट कोणती?" सुयोगने विचारलं.

"फियाटमध्ये शेठची पाठ दुखायची," लवूकाका सुरू झाले. "असल्या बुटक्या गाडीतून मॅडमना साडीत उतरता यायचं नाही. छोटी गाडी शेठना कमीपणाची वाटायची."

"अहो, शेठ गेला उडत! तुम्हाला कोणती आवडते?" पद्मजा म्हणाली.

झालं! बत्तीस वर्षांत हे त्यांना कुणी विचारलं नव्हतं, त्यांनी स्वतःलाही नाही. मनात धुंडाळावं तर शेठची आवड, मॅडमची आवड, धाकट्या शेठची आवड, सगळं रांगेने बाहेर येई. स्वतःचं काही सापडेना. पोराने एवढ्या हौसेने विचारावं आणि बापाला उत्तर देता येऊ नये, यामुळे त्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"सांगा मां!" त्यांची बायको मालन बाजूच्या स्टुलावरून म्हणाली. "कोण तुमचो जीव मागूक नाय."

"माका कायच कळणा नाय गो. चालवून बघतंय."

आधी लाल गाडी घेतली. ती त्यांनी चाळीसच्या वर नेलीच नाही, ब्रेक तर इतका अलगद की सुयोग शेजारी बसून कपाळ बडवत राहिला. परत येऊन गाडी लावली, झपकन उतरले, वळसा घालून मागचा दरवाजा उघडला आणि अदबीने बाजूला उभे राहिले. मागे कोणीच नव्हतं. फियाटच्या वेळीही तेच.

लवूकाका हातातल्या दाराच्या हँडलकडे बघत राहिले. मग हळूच म्हणाले, "निलेश, चालवून नाय कळाचा. माका मागे बसान बघूचा आसा."

खंडूने आपली किल्ली काढून दिली. निलेश पुढे, नवरा-बायको मागे, असे तिघे आरे कॉलनीच्या रस्त्याला लागले. काकांना हात कुठे ठेवावेत तेच समजेना. रिक्षा आडवी आली की त्यांचा उजवा पाय मॅटवर दाबला जाई. "गप बसा, तो चालवता ना?" मालन दटावत होती. तबेले आले, झाडं दाट झाली, खिडकीतून गार वारा यायला लागला. बोलता बोलता काकांची मान मालनच्या खांद्यावर कलली.

एका स्पीडब्रेकरला गाडी उसळली आणि ते दचकून जागे झाले.

"सॉरी शेठ! डोळा लागला... परत नाय होणार, शेठ!" स्टिअरिंग धरायला पुढे झेपावलेले हात पुढच्या सीटवर आपटले.

निलेशने गाडी कडेला घेतली. त्याला मागे वळवेना, डोळे भरून आले होते. "बाबा," तो कसाबसा म्हणाला, "मी आहे. निलेश."

काका गोंधळून बघत राहिले. गाडी कोणाची, चालवतंय कोण, आपण मागे कसे? शेजारी मालन होती. तिने त्यांचा हात घट्ट धरला होता आणि पदराने डोळे टिपत होती. तेव्हा कुठे त्यांना उमगलं.

"हीच घ्यायची का, बाबा?"

"ता मगे बघूया," लवूकाका मागे रेलत म्हणाले. "गाडी उभी कशाक केलंस? चल, आणखी एक चक्कर मार. माझी झोप अजून झाली नाय."