टाय लावून घातलेलं गाऱ्हाणं

मे महिन्यात गोव्यात पेडण्याच्या बसस्टँडवर पांढरा शर्ट आणि टाय लावून उभं राहिलं की लोक आपणहून येतात. पण देवासाठी नाही हो! "मोपा विमानतळार नोकरी लावतास काय रे?" हा पहिला प्रश्न. दुसरा, "कॅसिनोत आसास?" डिचोलीत एका काकांनी तर अर्धा तास खाणी बंद कशा पडल्या ते ऐकवलं आणि शेवटी म्हणाले, "हे दिल्लीक कळय." छातीवर बिल्ला आहे म्हणजे सरकारी माणूस, झालं!

बिल्ल्यावर लिहिलंय 'एल्डर परब'. एल्डर म्हणजे वडीलधारा. मी वीस वर्षांचा, मिशी अजून धड फुटलेली नाही. मी मॉर्मन मिशनरी, म्हणजे अमेरिकेतून आलेल्या एका ख्रिस्ती पंथाचा प्रचारक. चर्चचं पूर्ण नाव एवढं लांब की सांगून होईपर्यंत समोरच्याची बस निघून जाते. घराणं बांद्याजवळचं, वाढलो पुण्यात. मी सहावीत असताना आईबाबा या चर्चमध्ये गेले आणि आता दोन वर्षांसाठी मी देवाच्या सेवेत, म्हणजे बहुतेक वेळ बसची वाट बघण्यात. जोडीला एल्डर दासरी, राजमुंद्रीचा. इथलं बोलणं त्याला ओ की ठो कळत नाही. नियम असे की जोडीदाराला सोडायचं नाही, चहा-कॉफी-दारूला शिवायचं नाही आणि बोलावल्याशिवाय कुणाच्या दारात जायचं नाही. चौदा महिन्यांत आम्हाला एकाच माणसानं आपणहून घरी बोलावलं, आणि त्याला पाण्याचा पंप दुरुस्त करून हवा होता.

त्या दिवशी एक काकी बसमधून उतरल्या आणि हातातली जड पिशवी त्यांनी सरळ दासरीच्या हातात दिली. पिशवीतून कोंबड्यानं मान बाहेर काढली. दासरी पांढराफटक.

"धर घट्ट, सुटलो तर तूच धावतलस," काकी म्हणाल्या. मग माझा बिल्ला बघून, "तुमी कोण? बँकवाले?"

"नाही काकी. आम्ही लोकांसाठी प्रार्थना करतो."

"पुस्तकात बघून, की तोंडान?"

"तोंडानं. मनात येईल ते."

"परब म्हणजे आमच्यातलोच मरे! गाऱ्हाणा घालूंक येता?"

मी पटकन हो म्हणून बसलो. खोटं नव्हतं ते. सुट्टीत गावी गेलो की आजोबा देवासमोर उभे राहून गाऱ्हाणं, म्हणजे मोठ्या आवाजात साकडं घालायचे आणि आम्ही पोरं प्रत्येक वाक्याला बेंबीच्या देठापासून "व्हय म्हाराजा!" ओरडायचो. पण ते सहावीपर्यंत. आता मी कुठं आणि तो देव कुठं!

काकींचं नाव कमल. घराकडे चालता चालता त्यांनी सगळं सांगितलं. नवरा यशवंत, गावात गाऱ्हाणं घालावं तर त्यांनीच. आठ महिन्यांमागे अर्धांगाचा झटका आला. हातपाय सावरले, वाचा गेली. "डॉक्टर म्हणतत बोलतीत, पण तेनी स्वताहून बोलूंक व्हया. हे तोंडच उघडनत नाय. मी रोज समोर बसान म्हणतंय, कमल म्हणा, एकदा कमल म्हणा. नुसते बघत रवतत." त्यांनी पदर डोळ्यांना लावला आणि लगेच खाली सोडला. "आज देवचाराची राखण. चुलत दीर कृष्णनाथ घालता गाऱ्हाणा, पण तेच्याशी बोलणा बंद. तू घाल. तेंच्या कानार पडांदे तरी."

देवचार म्हणजे बागेचा राखणदार, आणि राखण म्हणजे त्याला द्यायचा वर्षाचा मान. मी दासरीला इंग्रजीत सांगितलं, की एका आजारी माणसासाठी प्रार्थना करायची आहे. त्यात चूक काय होतं? एक शब्दही चूक नव्हता. बाकीचे शब्द गाळले, एवढंच.

काजूच्या बागेत एक दगड होता, शेंदूर फासलेला. काकींनी केळीच्या पानावर तांदळाचा रोट ठेवला, विड्यांचं बंडल ठेवलं, आणि पिशवीच्या तळातून फेणीची बाटली काढली. म्हणजे अख्खी वाट एल्डर दासरी फेणी घेऊन चालला होता! यशवंतकाका प्लास्टिकच्या खुर्चीत, मांडीवर हात, नजर दगडावर. माझ्याकडे त्यांनी ढुंकून पाहिलं नाही.

"प्रत्येक वाक्यार व्हय म्हाराजा म्हण," काकींनी दासरीला दरडावलं. तो मान हलवून तयार. कोंबड्याची पाळी गाऱ्हाण्यानंतर, म्हणून तो अजून त्याच्याच काखेत.

मी टाय सारखा केला आणि सुरू झालो. "बा देवा म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" काकी आणि दासरी. दासरीचा आवाज जरा जास्तच.

"ह्या बागेच्या राखणदारा, आज ह्या लेकरान तुका रोट दिल्यान, विडी दिल्यान..."

"व्हय म्हाराजा!"

इथं माझी पंचाईत झाली. पुढं बाटली होती. छातीवर बिल्ला होता. म्हटलं, देवाला कुठं मोजदाद असते, बाटली गाळू. "ता सगळा गोड मानून घे, आणि काय चूकभूल झाली आसात ती पोटात घाल रे म्हाराजा..."

"स..."

मी थांबलो. आवाज खुर्चीतून आला होता. काकांचा चेहरा लाल झाला होता, मानेच्या शिरा फुगल्या होत्या, आणि एक बोट बाटलीकडे रोखलेलं होतं.

"सो... सोरो! सोरो खंय?"

सोरो म्हणजे दारू. दारू कुठाय, असं ते मला विचारत होते. विचारत कसले, खडसावत होते! पुढं एक सणसणीत शिवीही आली, अगदी स्पष्ट, ती इथं लिहीत नाही.

"काय म्हणाले?" दासरीनं हळूच विचारलं.

"आमेन म्हणाले," मी सांगितलं.

आनंदानं मला उडी मारावीशी वाटत होती. पण काकी रडल्या नाहीत की हसल्या नाहीत. त्या तरातरा गेल्या, बाटली उचलली आणि नवऱ्यासमोर उभ्या राहिल्या.

"आठ म्हयने घसो फोडून घेतलंय मी, कमल म्हणा म्हणान! आणि तुमका पयलो आठवलो तो सोरो? लाज नाय?" त्यांनी बाटली पाठीमागे लपवली. "माझा नाव घेया, मगच ओततंय. नायतर देवचार रवांदे कोरडो!"

काकांनी दगडाकडे पाहिलं, मग बायकोकडे. ओठ हलले. घाम आला. मला वाटलं, परत झटका येतो की काय. देवा, ह्यांना बोलू दे, असं मी मनात म्हणालो, आणि खरं सांगतो, कुठल्या देवाला म्हणालो ते मला आजही माहीत नाही.

"क... कम... कमळे!" काका गरजले. "ओत!"

"व्हय म्हाराजा!" दासरी ओरडला.

काकींनी बूच काढलं आणि ओतत राहिल्या. रिवाज एका पेल्याचा. पण हात काही थांबेना, डोळेही थांबेनात, दगड न्हाऊन निघाला. शेवटचा थेंब गळेपर्यंत त्या तशाच उभ्या होत्या. मग खुर्चीशेजारी जमिनीवर बसल्या.

"परत म्हणा," त्या म्हणाल्या.

बाटली रिकामी होती. तरीही काका म्हणाले.