नऊ वर्षं रडवलेलं गाणं

मित्रांनो, मी एक जुना टेपरेकॉर्डर आहे, आणि सुरुवातीलाच एक कबुली देऊन टाकतो. नऊ वर्षं मी लोकांना चुकीचं ऐकवलं. त्यात माझा दोष किती आणि माणसांचा किती, ते तुम्ही ठरवा. मी तेव्हाच ओरडून सांगितलं असतं, पण आमची अडचण अशी, की आम्हाला फक्त दुसऱ्यांचंच बोलणं सांगता येतं.

माझं वजन अकरा किलो. डोक्यावर दोन चाकं. एका चाकावरची फीत दुसऱ्यावर जाते आणि जाता जाता आवाज देते. पुढे एक बटण आहे, त्याला दोन घरं: मंद आणि जलद. मंद गतीला फीत कमी लागते, जलद गतीला आवाज स्वच्छ येतो. ज्या गतीने गाणं भरलं त्याच गतीने ते ऐकायचं, इतकी साधी गोष्ट आहे. पण शिकलेल्या माणसांच्या खोलीत साध्या गोष्टीला कोण विचारतो?

विद्यापीठाच्या लोकसंगीत संग्रहात मी आलो तेव्हा माझा थाट काय वर्णावा! संग्रहाचे पहिले साहेब मला घेऊन गावोगाव हिंडत. मला बघायला गर्दी जमे. गाणाऱ्याला त्याचाच आवाज ऐकवला, की तो हमखास म्हणे, "छे! हा मी नव्हे." मग शेजारी म्हणत, "तूच रे तू. आम्ही रोज सहन करतो."

पुढे साहेब निवृत्त झाले, हातात मावणारी यंत्रं आली आणि मी तळमजल्यावरच्या खोलीत खिडकीजवळच्या टेबलावर स्थिरावलो. जुन्या फिती मात्र माझ्याशिवाय कुणालाच वाजवता येत नव्हत्या, म्हणून माझी भाकरी चालू राहिली. त्या खोलीचा कारभार जपूनकाकांकडे होता. दिवसातून चाळीस वेळा ते "जपून!" म्हणत, म्हणून हे नाव पडलं. माणूस मायाळू, पण भित्रा. एकदा कुणा विद्यार्थ्याने फीत चालू असतानाच माझं बटण फिरवलं आणि फीत ताडकन तुटली. काका दोन दिवस जेवले नाहीत. तिसऱ्या दिवशी त्यांनी बटण मंद गतीवर ठेवलं आणि त्यावर जाड चिठ्ठी डकवली: "हात लावू नये." गोंद असा लावला, की बटण आहे हेच लोक विसरले.

बहुतेक फिती मंद गतीवरच भरलेल्या होत्या, त्यामुळे कुणाला शंका आली नाही. पण चौदा फिती जलद गतीच्या होत्या. त्या मी निम्म्या वेगाने वाजवू लागलो. बायका पुरुषांसारख्या घोगऱ्या झाल्या, पुरुष गुहेतून बोलू लागले. लाजेने माझी चाकं तापत.

विभागाच्या प्रमुख सरांना त्यातली एक फीत फार आवडली. डबीवर लिहिलं होतं, "दोन बहिणी, धुणं धुतानाचं गाणं." सरांनी ते गाणं डोळे मिटून ऐकलं, "बहिणी" खोडून "भाऊ" लिहिलं आणि खाली भर घातली, "शोकगीत. शब्द समजत नाहीत, बहुधा प्राचीन." मध्येच एक लांबलचक भोंग्यासारखा आवाज यायचा. त्याला सरांनी "अज्ञात सुषिर वाद्य", म्हणजे फुंकून वाजवायचं काहीतरी, ठरवलं आणि त्यावर तेवीस पानांचा निबंध लिहिला. एका परिषदेत म्हणे टाळ्यासुद्धा पडल्या.

यंदा विद्यापीठाने एक नवा उपक्रम काढला. एका विद्यार्थिनीने तीन महिने संग्रहातच बसायचं, संशोधन करायचं आणि शेवटी स्वतःची एक संगीतरचना सादर करायची. जपूनकाका तिला पाहुणी म्हणत. पाहुणीने सरांचं शोकगीत निवडलं, त्यावर चार व्हायोलिनं रडतील अशी रचना केली, आणि एक आगाऊपणाही केला: डबीवरच्या जुन्या पत्त्यावर पत्र धाडलं, की त्या दोन भावांपैकी कुणी हयात असेल तर कृपया ऐकायला यावं.

सादरीकरणाच्या आदल्या दिवशी दुपारी एक आजी दारात उभ्या राहिल्या. हातात ते पत्र.

"भाऊ कुणी नव्हते आम्हाला," त्या म्हणाल्या. "आम्ही दोघी बहिणी. ताईला जाऊन बारा वर्षं झाली. तिचा आवाज इथे ठेवलाय ना? तेवढा ऐकवा. आमच्याकडे तिचा फोटोसुद्धा धड नाही. पाचची बस आहे माझी."

त्या बोलल्या आणि मी त्यांना तात्काळ ओळखलं. साठ वर्षांपूर्वीची, सतरा वर्षांची ती धाकटी! मित्रांनो, त्या क्षणी मला इतकं वाईट वाटलं, की कुणीतरी माझी वायर उपटावी असं झालं.

पाहुणीने फीत लावली. मी नाइलाजाने रेकलो.

आजींनी बराच वेळ ऐकलं. मग विचारलं, "हा बाप्या कोण? पोटात दुखतंय का त्याच्या?"

प्रमुख सर समजावणीच्या सुरात म्हणाले, "आजी, हे शोकगीत आहे."

"का? कोण गेलं?"

आजींनी पत्राची घडी घातली आणि पिशवी उचलली. "चुकून दुसऱ्याची टेप असेल. असू दे बाळा, तुझा काही दोष नाही," असं त्या म्हणाल्या खऱ्या, पण त्यांचा चेहरा मला बघवेना. एवढ्या लांबून बाई बहिणीला भेटायला आली होती.

तेवढ्यात भोंगा वाजला. सर नकळत म्हणाले, "हेच ते अज्ञात वाद्य."

आजी दारातून वळल्या. "कसलं वाद्य? त्या दिवशी वाजवायला कुणीच नव्हतं. ताई, मी, ते साहेब आणि आमचा कोंबडा. मेला मध्ये मध्ये आरवून साहेबांचा जीव खात होता."

पाहुणीने डोळे मोठे केले. तिने ती फीत आपल्या संगणकावर उतरवून घेतली होती. तिने तिथेच तिचा वेग दुप्पट केला, आणि त्यातून लख्ख बांग आली. मात्र तिच्याकडे पहिली तीनच मिनिटं होती. बाकीचं गाणं माझ्यापाशी होतं, आणि ते मंद गतीने उतरवून घेत बसलं तर आजींची बस गेली असती. पाहुणी माझ्याकडे धावली आणि चिठ्ठी नखाने खरवडू लागली.

"जपून!" काका मध्ये पडले. "अगं, फीत वाळलीय. जलद लावलीस तर तुटेल. मग कुणालाच काही मिळणार नाही."

"ती आजींची बहीण आहे, काका."

"म्हणूनच म्हणतो!"

दोघांचंही खरं होतं. शेवटी सगळे आजींकडे बघू लागले.

"तुटली तर तुटू दे," आजी म्हणाल्या. "तो बाप्या जन्मभर जपून ठेवलात तरी माझ्या काय कामाचा?"

काकांनीच चिठ्ठी काढली आणि बटण फिरवलं. माझा पट्टा नऊ वर्षांत या वेगाने फिरला नव्हता. देव पाण्यात घालून बसायला मला हात नाहीत, म्हणून नुसताच जीव मुठीत धरून निघालो. (मूठही नाही, पण समजून घ्या.)

आणि खोलीत दोन पोरी शिरल्या. खिदळत, एकमेकींचं वाक्य पळवत. गाण्यात होता धाकटीचा होणारा नवरा:

"आला गं आला पाव्हणा, टोपी त्याची वाकडी,
घोडा मागं राहिला अन् पायी घाली लंगडी!"

सरांचं शोकगीत हे असं होतं. सर खुर्चीत बसले, त्यांना तेवीस पानं आठवली असावीत, आणि मग ते स्वतःच इतके हसले, की चष्मा पुसावा लागला. पाहुणीने आपल्या व्हायोलिनांचे कागद उलटे करून ठेवले. उद्याची तिची रचना बुडाली होती, पण तिच्या तोंडावर सुतकाचा मागमूस नव्हता. आजी मात्र माझ्यावर वाकल्या होत्या आणि पुटपुटत होत्या, "ताई. ताईच आहे."

गाणं संपलं. इथवर येऊन लोक मला बंद करत, कारण पुढचं बोलणं म्हणजे नुसतं घरघरणं वाटे. त्या दिवशी कुणाला बंद करायचं सुचलंच नाही. फितीत धाकटी कोंबडा हाकलायला लांब पळाल्याचं ऐकू आलं. मग थोरली साहेबांना हळूच म्हणाली:

"गळा खरं तर तिचाच चांगला आहे हो. मी नुसती तिच्या मागून जाते. पण तिला सांगू नका, डोक्यावर बसेल."

फीत संपून रिकामी फडफडली. तुटली नाही, बरं का.

आजी पदर तोंडाला लावून हसत होत्या आणि डोळ्यांतून धार लागली होती. "बया! जन्मभर मला बेसूर म्हणाली. हिच्या भीतीने मी लग्नानंतर कधी तोंड उघडलं नाही."

मित्रांनो, आमच्यासारख्या यंत्रांची धूळ पुसत जा, पट्टे बदलत जा, हे तर मी सांगणारच. पण माझं खरं मागणं वेगळं आहे. कुणाचं काही चांगलं वाटलं, तर ते त्याला तोंडावर सांगून टाका. डोक्यावर बसला तर बसू दे. साठ वर्षं तुमचा निरोप सांभाळायला प्रत्येक घरी टेपरेकॉर्डर नसतो.

पाचची बस चुकली. आजींनी ते वाक्य आणखी चार वेळा ऐकलं, आणि पाचव्या वेळी त्या स्वतः गायल्या.